रोलरपाशी आवाज करू नये

३ फेब्रुवारी

ठकू,

आशीर्वाद शेवटी, आधी काम. काल तुझ्या बापाचा फोन आला, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. तो म्हणाला, लॉन्ड्रीत तुला सुपरवायझर करून महिना झाला नाही तोवर तू पुन्हा वर हिशेबाच्या खोलीत जायचं म्हणते आहेस. का, तर खाली दोन बायका दिवसभर भांडतात आणि तू चादरींच्या ढिगामागे जाऊन डोळे पुसतेस. पुसायला चादरी भरपूर आहेत, हे एक बरं आहे.

मी फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो आत्या, हो आत्या" म्हणतेस आणि ठेवला की तुला हवं तेच करतेस. पत्राला नुसतं हो म्हणून भागत नाही. उत्तर लिहावं लागतं.

तर लिही. त्या दोघी कोण, काम काय, भांडण कशावरून, आणि तुझ्याकडे येऊन कोण काय म्हणालं. तेवढंच. तुला काय वाटलं ते नको. मी कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक म्हणून केस पांढरे केले. माझ्या हाताखालचे निम्मे कारकून एकमेकांशी बोलत नव्हते, तरी एकाही मुलाची गुणपत्रिका उशिरा गेली नाही. भांडण पोटदुखीसारखं असतं. नेमकं कुठे दुखतं ते सांगितलं तर औषध देता येतं.

परत वर जायचं नाव काढू नकोस.

आता आशीर्वाद.

आत्या


९ फेब्रुवारी

आत्या,

मला काय वाटतं ते लिहू नको म्हणालीस, म्हणून तेवढं खोडलं. पत्र निम्मं झालं. बाबा म्हणतात, आत्याबाईला मिशा असत्या तर ती काका कुठली होते, थेट सेनापती झाली असती.

आमच्याकडे दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. धुऊन पिळून झाल्या की इस्त्रीच्या रोलरवर जातात. रोलर म्हणजे वाफेवर तापलेलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब आडवं पिंप समज. दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची, ताणायची आणि रोलरच्या तोंडात द्यायची. तोंडाशी एक लोखंडी पाट आहे, तोही तापलेला असतो. रोलरने चादर ओढून घेतली की बोटं पाटाला लागायच्या आत टोक सोडायचं. दोघींनी एकदमच सोडायचं, नाहीतर चादर तिरपी जाते. म्हणून जोड्या ठरलेल्या असतात आणि वर्षानुवर्षं मोडत नाहीत.

पहिल्या रोलरवर माई आणि भोंगा. माई इथल्या सगळ्यांत जुन्या, एकट्या राहतात, कमी बोलतात. भोंगा त्यांच्याहून बरीच लहान. तिला आवाजामुळे हे नाव पडलं आणि त्या नावाने हाक मारली तर ती ओ देते. भांडण म्हणजे एवढंच, की ही भोंगा दिवसभर माईंवर ओरडते. चादर गेली की ओरडणं आलंच. "सोड, माई! अगं सोड! सोड म्हणते ना!" घडीच्या टेबलावरच्या मुली तिची नक्कल करतात. परवा एकीने डबा खाताना दुसरीच्या हातातला घास धरला आणि म्हणाली, "सोड, माई!" सगळ्या हसल्या. माई डबा मिटून उठून गेल्या.

त्या दुपारी माई माझ्याकडे आल्या. "ही मला बैलासारखी हाकते. इतकी वर्षं चादरी सोडल्या, त्या आता हिच्याकडून शिकू? एक तर ती राहील, नाहीतर मी."

भोंगा दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा म्हणाली, "मॅडम, दार लावून घेऊ का? एकटीत बोलायचंय." पहिल्यांदा मालक बसलेले होते, दुसऱ्यांदा गाडी भरायची होती. मी म्हटलं, नंतर या.

आधीचे सुपरवायझर कानात कापूस घालून बसायचे, असं सगळ्या सांगतात. माझ्याबद्दल म्हणतात, कानामागून आली आणि तिखट झाली. मी अजून तिखट झालेलीसुद्धा नाही, आत्या.

ठकू


१३ फेब्रुवारी

ठकू,

दुखतं कुठे ते कळलं. औषध देते, ते पूर्ण घे.

पहिलं. आवाज बंद. भांडण मिटायला वेळ लागतो, आवाज आजच्या आज बंद करता येतो. एकीला ओरडायची मुभा मिळाली की बाकीच्यांना कळतं, इथे विचारणारं कोणी नाही. फळ्यावर लिही, खाली सही कर, आणि पुन्हा ओरडली तर त्या दिवसाची बिनपगारी रजा.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. एकटीत कोणाचंही ऐकायचं नाही. "दार लावून घेऊ का" म्हणणारी बाई कागाळी घेऊन आलेली असते. तू एकदा दार लावलंस की बाहेरच्या सगळ्या तुझ्या विरुद्ध. तिला सांग, बोलायचं ते माईंच्या तोंडावर बोला. जे तोंडावर बोलता येत नाही ते बोलण्याच्या लायकीचंच नसतं. आमच्याकडे एका रोखपालाचं आणि टंकलेखक बाईंचं पंख्यावरून वाजलं होतं. तो आला, म्हणाला, "मॅडम, बाईंबद्दल जरा खाजगी होतं." मी तिथूनच हाक मारली, "बाई, या, तुमच्याबद्दल खाजगी आहे." त्याची वाचा बसली. पंखा जागच्या जागी राहिला, भांडण गेलं.

तिसरं. वयाला बिचकू नकोस. तिखट झाली म्हणतात ना? मग हो. अळणी सुपरवायझर कोणाला हवी?

आत्या


२ मार्च

आत्या,

तुला बसल्या जागी शाबासकी घ्यायची असेल तर हे पत्र दोनदा वाच.

दोघींना समोरासमोर उभं केलं, दार सताड उघडं ठेवून. भोंगाला म्हटलं, "माईंबद्दल काय सांगायचं होतं ते आता सांगा." ती माईंकडे बघत राहिली. माई तिच्याकडे. मग भोंगा म्हणाली, "काही नाही." मी म्हटलं, "दोन वेळा आलात, आणि काही नाही?" "काही नाही मॅडम. चुकून आले." अगदी तुझा रोखपाल! मग मी आवाजाचं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "मग हाताने खुणावू का?" मी म्हटलं, "हात चादरीला लावायचे. नाटकं नकोत." माई पहिल्यांदा हसल्या.

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. रोलरपाशी आवाज करू नये. खाली सही. पहिल्या दिवशी भोंगाच्या तोंडून दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा मी तिला घरी पाठवली. तेव्हापासून हॉलमध्ये फक्त वाफेचा आवाज येतो. मालक जिन्यातून उतरले आणि म्हणाले, "आज सुट्टी आहे का?" सगळ्यांदेखत म्हणाले. घडीच्या मुली मला चहा आणून देतात.

फक्त भोंगाचा रुसवा गेलेला नाही. हल्ली ती चादरीकडे बघतच नाही, माईंच्या हातांकडे बघत बसते, जशी काही चूक पकडायची आहे. त्यात तिचंच टोक तिरपं जातं. काल म्हणाली, "मॅडम, माईंना घडीच्या टेबलावर घ्या. नाहीतर मला काढा इथून." म्हणजे ओरडता येत नाही तर आता माईंना हलवायचं. घडीचं टेबल म्हणजे कमी पगार. माईंना ते मुळीच नको. काय करू?

तुझी (तिखट) ठकू


७ मार्च

ठकू,

शाब्बास. पत्र एकदाच वाचलं, पण सावकाश.

बदली द्यायची नाही. ओरडून जमलं नाही म्हणून ती आता काळजीचा आव आणते आहे. अशी बदली एकीला दिली की दुसऱ्या दिवशी दहाजणी दारात. दोघी एकाच रोलरवर राहतील, गप्प राहतील, आणि काही आठवड्यांनी आपोआप बोलायला लागतील. माणसं फार काळ मुकी राहू शकत नाहीत.

तिची नजर कुठे असते त्यावर पहारा ठेवू नकोस. नजरेला नियम लावता येत नाहीत. मी प्रयत्न केलेला आहे.

तुझ्या बापाला सांग, सेनापतीने विचारलं आहे, गुडघा कसा आहे.

आत्या


४ एप्रिल

आत्या,

माईंचे दोन्ही हात भाजले. गेल्या मंगळवारी. आज लिहायला जमतंय.

हॉटेलच्या जाड रजयांच्या खोळी होत्या. जड असतात, रोलर त्या जोराने ओढतो. मी माझ्या टेबलाशी होते. भोंगाने टोक सोडलं. माईंनी सोडलं नाही. त्यांचे हात खोळीबरोबर पुढे गेले आणि पाटावर टेकले. त्या ओरडल्या नाहीत, आत्या. हात तिथेच, आणि त्या समोर बघताहेत, जशा काही पुढच्या खोळीची वाट बघताहेत. भोंगाने तोंड उघडलं. मग तिने आधी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे, टेबलाकडे. मी तिला स्पष्ट बघितलं. आणि मग ती ओरडली, आणि रोलर थांबवायची दोरी ओढली. मधे किती वेळ गेला ते मी मोजू शकत नाही. मोजण्याइतका नव्हता. पण हात लोखंडावर होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, या बाईंच्या बोटांतली जाणीव जाऊन वर्ष तरी झालं असेल, साखरेने जाते अशी. यांना गरम-थंड काही कळत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं? मी म्हटलं, नव्हतं. माई आत म्हणत होत्या, "मला कळलंच नाही हो. वास आला तेव्हा कळलं."

भोंगा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "टोक सुटलंय का नाही ते तिला समजत नव्हतं, मॅडम. म्हणून मी सांगायची. मी सोड म्हटलं की ती सोडायची. कोणाला सांगू नको म्हणाली होती, काढून टाकतील. चारचौघांत हाकते म्हणून चिडायची, पण सोडायची." मी विचारलं, "मग तुम्ही मला का नाही..." आणि प्रश्न अर्ध्यावर सोडला. ती दोनदा आली होती. तिसऱ्यांदा मी तिला माईंच्या तोंडावर विचारलं.

दोरी वेळेवर न ओढल्याबद्दल भोंगाला कामावरून थांबवलं आहे. चौकशी पुढच्या आठवड्यात. फळा अजून तिथेच आहे. मी पुसायला गेले होते. न पुसताच परत आले.

ठकू


८ एप्रिल

ठकू,

पत्र मिळालं. आधी स्वतःला सावर. जेवतेस का?

चौकशीत विचारतील तेवढंच उत्तर दे. न विचारलेलं सांगायला जाऊ नकोस. तू मुद्दाम काही केलेलं नाहीस. आजार त्या बाईंनी लपवला, तुला कोणी सांगितला नाही. आवाजाचा नियम कुठल्याही कामाच्या ठिकाणी असतो. त्याचा आणि याचा संबंध लगेच जोडायचं कारण नाही. तुझी नोकरी नवी आहे, उभं आयुष्य पुढे आहे.

माईंना बघायला जाते आहेस ना? त्यांचं कोणी आहे का करायला?

मला लिही. लगेच लिही.

आत्या


१५ एप्रिल

आत्या,

विचारलं तेवढंच उत्तर दिलं. मला विचारलं, रोलर वेळच्या वेळी तपासला होता का. मी म्हटलं, हो. संपलं.

मग भोंगाला विचारलं. मालक, त्यांचा वकील आणि मी टेबलाच्या एका बाजूला, ती दुसऱ्या. "दोरी तुमच्या हाताशी होती. लगेच का ओढली नाही?" ती माझ्याकडे बघेल असं वाटलं. बघितलं नाही. म्हणाली, "विसरले." वकिलाने पुन्हा विचारलं, "विसरलात?" "हो. लक्ष नव्हतं." त्यांनी लिहून घेतलं. महिनाअखेर तिला काढणार.

बाहेर मी तिला गाठलं. म्हटलं, "फळ्याचं का नाही सांगितलंत? मी तिथेच होते." ती हसली. तिचा हळू आवाज मी तोवर ऐकला नव्हता. म्हणाली, "फळ्याचं सांगितलं की विचारतील, मग तू ओरडत का होतीस. मग माईची बोटं निघणार. आजार लपवून कामावर आली, आम्ही बांधील नाही, म्हणतील. आत्ता निदान औषधपाणी तरी करताहेत. माझं काय, मी कुठेही ओरडेन."

तू म्हणालीस म्हणून मी गप्प बसले असं मी म्हणणार नाही. मी भ्यायले म्हणून बसले. तुझ्या पत्राने खुर्ची दिली, एवढंच.

माईंना बघायला दारापर्यंत दोनदा गेले. आत गेले नाही. त्यांचं कोणी नाही. शेजारीण सकाळी भरवून जाते.

आता सांगितलं तर माई बुडतात. नाही सांगितलं तर भोंगा. तुझ्याकडे यावर औषध आहे का? उपरोधाने विचारत नाही, खरंच विचारते आहे.

ठकू


१८ एप्रिल

ठकू,

तुझं पत्र वाचून मी माझी आधीची पत्रं काय होती ते आठवत बसले. नक्कल ठेवत नाही, पण शब्द पाठ आहेत. दुर्दैवाने मी नेमकं लिहिते.

आवाज बंद कर, मी लिहिलं. एकटीत ऐकू नकोस, मी लिहिलं. बदली देऊ नकोस, काळजीचा आव आणते आहे, हेही मीच. त्या बाईला मी पाहिलेलं नाही. रोलर म्हणजे काय ते तुझ्या पत्रावरून मला कळलं, आणि तुझ्याच पत्रात सगळं लिहिलेलं होतं. पाट तापलेला असतो. टोक वेळेवर सोडायचं असतं. एक बाई दुसरीला दिवसभर "सोड" म्हणते. शिवी नाही, टोमणा नाही, एकच शब्द, आणि तोही कामाचा. मी जर ते नीट वाचलं असतं तर विचारलं असतं, ती हाच शब्द का म्हणते? मी विचारलं नाही. मी पंख्याची गोष्ट सांगितली.

टेबलाशी बसणाऱ्या माणसांचा नियम मी लोखंडाशी उभ्या राहणाऱ्या बायकांना लावला. आणि वर ८ तारखेला तुला तोंड मिटायला सांगितलं. ते पत्र लिहिताना मला ठाऊक होतं की मी तुला नाही, मला वाचवते आहे. "संबंध लगेच जोडायचं कारण नाही" हे वाक्य अपराधी माणसाचं आहे. कार्यालयात कोणी लिहून दिलं असतं तर मी लाल शाईने खूण केली असती.

आता औषध म्हणत नाही. मला दिसतं ते लिहिते, तू तपासून घे.

तू म्हणतेस, सांगितलं तर माई बुडतात. सगळं सांगितलं तर. पण सगळं तुझं नाही. माईंची बोटं माईंची आहेत. ती सांगायची की नाही हे त्या ठरवतील. तुझं आहे ते एवढंच: रोलरपाशी हाक लागते हे तुला माहीत नव्हतं, तू हाक बंद केलीस, हाताची खूणही बंद केलीस, दुसऱ्या कामावर घाला म्हणून सांगायला आलेल्या बाईला परत पाठवलंस, आणि त्या दिवशी तिने ओरडण्याआधी तुझ्याकडे पाहिलं. हे सगळं खरं आहे आणि यात कोणाचा आजार नाही. तुझं तेवढं सांग. "तुम्हाला कोणी सल्ला दिला" असं विचारलं तर माझं नाव सांग, पण सल्ल्याआड उभी राहू नकोस. सही तुझी होती.

नोकरी जाईल. जाईल असंच धरून चाल.

मी उत्तराची वाट बघत नाही. परवाच्या गाडीने निघते आहे. तुझ्याकडे उतरणार नाही. माईंचा पत्ता तुझ्या बापाला लॉन्ड्रीत पाठवून मागवून घेतला आहे. सकाळनंतर त्यांना भरवायला कोणी नाही, आणि मला दोन चालते हात आहेत.

आत्या


२४ एप्रिल

आत्या,

तू दोन गल्ल्यांवर आहेस आणि मी चिठ्ठी पाठवते आहे. त्या दारातून आत यायचं धाडस अजून नाही. भोंगाकडे देते. ती रोज तिकडे येतेच.

सांगितलं. मालकांच्या खोलीत, तिला बोलावून, दार उघडं ठेवून. मालकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग नेमकं तेच विचारलं ज्याची मला भीती होती. "पण बाकीच्या जोड्या कुठे ओरडतात?"

मी म्हटलं, "त्या मनात म्हणतात, साहेब. या दोघी तोंडाने म्हणायच्या. मी तोंड बंद केलं."

"हे खरं आहे?" त्यांनी भोंगाला विचारलं.

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता संपलं. मग म्हणाली, "खरं आहे, साहेब. पण मुलगी नवी होती."

आत्या, ती मला वाचवत होती. परत.

मालक म्हणाले, "अहो, मग तुम्हाला सुपरवायझर ठेवू कसं?" मी म्हटलं, नका ठेवू. वर हिशेबाला जाता का, म्हणाले. मी घडीचं टेबल मागितलं. भोंगा सोमवारपासून रोलरवर परत, नव्या जोडीदारणीबरोबर. माईंच्या दवाखान्याचा खर्च लॉन्ड्रीकडेच राहील, आणि बऱ्या झाल्या की त्यांना धुतलेल्या चादरी ठेवायच्या कपाटखोलीत बसून करायचं काम, आहे त्याच पगारावर. हे मालकांनी मला नाही, भोंगाला सांगितलं. बरोबरच केलं.

मुलींना कळलं आहे. आता मला चहा कोणी आणून देत नाही.

माई काय म्हणतात ते लिहू नकोस. मीच येईन.

ठकू


९ जून

ठकू,

तू संध्याकाळी कामावरून इथे येशील तेव्हा मी गाडीत असेन. जाता जाता सांगत बसले तर माझ्याकडून उपदेश होईल, म्हणून लिहून टेबलावर ठेवते आहे. गेले तीन आठवडे तू येतेस, दारात चप्पल काढतेस, आणि माईंच्या पायाशी बसून काहीच बोलत नाहीस. चालेल. त्या म्हणतात, "ही पोरगी येते आणि चादर होऊन बसते."

पहिल्या दिवशी मी दारातच सांगितलं होतं की फळ्यावरचं वाक्य माझं आहे. दोन्ही हातांना पट्ट्या, केस विस्कटलेले, आणि त्या म्हणाल्या, "अक्षर पोरीचं होतं ना? चांगलं होतं." मग म्हणाल्या, "आत या की. उभ्या काय राहताय, मला पाणी पाजा." पाणी प्यायल्यावर म्हणाल्या, "तुमच्या कॉलेजात बोटं भाजत नसतील." मी म्हटलं, नाही. पुढे चार दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी भरवलं की तोंड उघडायच्या, एवढंच. मी जन्मभर कोणाशी इतकी गप्प राहिलेली नाही.

भोंगा आली की मात्र दोघी भांडतात. हिने वरण अळणी केलं, तिने उशी चुकीची ठेवली. एवढ्याशा खोलीत तो आवाज! खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तक्रार घेऊन वर आले. मी दार लावून घेतलं आणि त्यांचं एकट्याचं ऐकलं. मग सांगितलं, आवाज होणार. ते माझ्याकडे बघत गेले.

मी माफी मागितली. दोनदा. पहिल्यांदा माईंनी तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "बाई, ते राहू द्या. माझी वेणी घट्ट घातलीत." मी सैल केली. तिसऱ्यांदा मागितली नाही. मागून मागून त्यांना "बरं" म्हणायला लावणं हीसुद्धा एक सक्तीच झाली असती.

आता ताबा. खालील सर्व आज तुझ्याकडे देत आहे.

खोलीची किल्ली, एक. दुसरी भोंगाकडे आहे, ती मागू नये.

साखरेच्या गोळ्या, खिडकीतल्या डब्यात. सकाळची जेवणाआधी. घेतली म्हणतात, पण गालात ठेवतात. पाणी पिऊन होईपर्यंत उभी राहा.

हाताचं मलम आणि स्वच्छ पट्ट्या, वरच्या फळीवर. डावा हात जवळपास भरला आहे. उजव्याची दोन बोटं आखडलेली राहतील असं डॉक्टर म्हणतात. माईंना ते माहीत आहे. त्यांच्यासमोर हळू आवाजात बोलू नये, त्यांना राग येतो.

कंगवा. वेणी सैल.

आंघोळीचं पाणी आपल्या कोपराने बघायचं, त्यांच्या हाताने नाही. आपण "हं" म्हटल्याशिवाय त्या हात घालत नाहीत. ही सवय भोंगाने लावली आहे.

माईंचा माझ्यावरचा राग. तो आहे तेवढाच आहे. कमी करायला जाऊ नकोस, तुझ्या वाट्याचा वेगळा आहे.

पेला, स्टीलचा, लहान. परवापासून त्या उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी यांत धरून स्वतः उचलतात. उचलू दे. आपला हात मधे घालू नये. सांडलं तर पुसायचं, बोलायचं नाही.

दिलं.

आत्या